ओसाकाला जायच्या वाटा आणि एका जुन्या कंट्रोलरचा शेरा

नोकरीची शेवटची वर्षं मी साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. लोक आम्हाला कंट्रोलरच म्हणतात. गाड्या फलाटाला लावायच्या, माइकवर पुकारा करायचा, लेट आलेल्या चालक-वाहकाची समजूत काढायची, आणि "साहेब, स्वारगेट विनाथांबा कुठं लागलीय?" याला दिवसभर उत्तर द्यायचं. त्यामुळं कुठल्याही गावाला गेलो की देवळाआधी मला तिथला स्टँड दिसतो. लेक-जावई ओसाकाला असतात, त्यांच्याकडं आम्ही दोघं राहून आलो. तिथला किल्ला, खाणं, दुकानं यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तिथं पोचवणाऱ्या विमान-गाडी-बोटींबद्दल लिहितो. तपासायची माझी पद्धत साधी आहे. उतरलेल्या माणसाला पुढची गाडी न विचारता सापडली पाहिजे. वेग आणि मऊ सीट नंतर बघू.

मुंबईहून ओसाकाला थेट विमान आम्हाला मिळालं नाही. बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असं कुठंतरी बदलायला लागतं. मुंबई ते बँकॉक साडेचार तास, पुढं साडेपाचच्या आसपास. आमच्या ओळखीच्या एका एजंटानं "काका, स्वस्तात बसवतो" म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढून दिली होती, मध्ये तीन तासांचं अंतर. जावयांनी व्हॉट्सअॅपवर फोटो बघितला आणि लगेच फोन. "बाबा, हे आधी रद्द करा. बँकॉकला बॅगा तुम्हालाच उतरवून घ्यायला लागतील, परत चेक-इन करायला लागेल. पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबणार नाही." सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असला की बॅग थेट ओसाकाला उतरते आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात असतं. तसं तिकीट थोडं महाग पडलं, पण घेतलं. एजंटानं रद्द करायचे पैसे कापले ते कापलेच.

तिकिटावर 'ओसाका' एवढंच वाचून थांबू नका. त्या भागात तीन विमानतळ आहेत. इतामीचं अधिकृत नाव आजही 'ओसाका आंतरराष्ट्रीय विमानतळ' आहे, पण तिथं उतरतात फक्त देशातली विमानं, आणि रात्री नऊ ते सकाळी सात तो बंद. टोकियोला विमान बदलून आलात तर बहुधा इथं उतराल. तो शहराला जवळ आहे, ओसाका स्टेशनजवळच्या उमेदा भागापर्यंत बसनं अर्धा तास. कोबेचा विमानतळ 2006 चा, तोही मुख्यतः देशांतर्गत. परदेशातून येणाऱ्याचा खरा दरवाजा कान्साई, चोवीस तास उघडा.

हा कान्साई विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे, किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटर आत. 4 सप्टेंबर 1994 ला सुरू झाला. खालचा चिखल दबतोय, त्यामुळं बेट खचतंय. पहिलं बेट बांधकाम सुरू झाल्यापासून सरासरी तेरा मीटरच्या वर खाली गेलंय. इमारतीच्या खांबांखाली जॅक बसवलेत, खचेल तसा खांब उचलून खाली पट्ट्या सरकवतात. आमच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे अख्खं विमानतळच जॅकवर चढवलंय की!" 2018 मध्ये, बरोबर 4 सप्टेंबरलाच, मोठं चक्रीवादळ आलं. धावपट्टीवर पाणी आलं आणि वाऱ्यानं सुटलेलं एक तेलवाहू जहाज किनाऱ्याला जोडणाऱ्या पुलावर जाऊन धडकलं. हजारो माणसं रात्रभर बेटावर अडकली. रस्ता आणि रेल्वे दोन्ही त्या एकाच पुलावर आहेत, वर मोटारी, खाली रेल्वे. म्हणून सप्टेंबरच्या आगेमागे जाणार असाल तर हवामान बघून निघा. मी एरवी एकाच वाटेवर विसंबणाऱ्या ठिकाणाला फार मार्क देत नाही.

पण बॅगांच्या पट्ट्यापाशी उभा राहिलो आणि मार्क वाढवले. पट्ट्यावर येणारी प्रत्येक बॅग एकाच दिशेला तोंड करून, मूठ आपल्या बाजूला. आतला माणूस एकेक बॅग फिरवून ठेवतो. उघडल्यापासून तीस वर्षांत आमच्या हातून एकही बॅग हरवली नाही असं हा विमानतळ सांगतो, त्याची 2024 मध्ये जगभर बातमी झाली होती. हिनं तिची बॅग उचलली, इकडून तिकडून बघितली. "अहो, दोरी पण कुणी सोडली नाही," म्हणाली. साताऱ्याहून निघताना बांधलेली सुतळी जशीच्या तशी होती.

रेल्वेचं स्टेशन समोरच, पादचारी पूल ओलांडला की झालं. शेजारी-शेजारी दोन दरवाजे आहेत: निळा जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, लाल-केशरी नानकाईचा. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. इथं नवखा माणूस घोटाळतो, आणि इथला पुकारा त्याला मदत करत नाही, कारण दोन्हीकडचे लोक आपापलंच सांगतात. आधी ठरवा उतरायचं कुठं. नांबाला, म्हणजे शहराच्या दक्षिण बाजूला, तर नानकाई. उमेदा-ओसाका स्टेशन किंवा पुढं क्योतो, तर जेआर.

नानकाईची साधी एअरपोर्ट एक्सप्रेस पाऊण तासात नांबाला सोडते, हजाराच्या आत येन. त्यांची रापिटो नावाची गडद निळी गाडी दहाएक मिनिटं आधी पोचते, तिला पाचेकशे येन जास्त. गोल खिडक्या आणि पुढून लोखंडी मुखवटा घातल्यासारखी दिसते. नातवंडं बरोबर असतील तर तिचे पैसे वसूल होतात. आम्ही दोघंच होतो, साध्या गाडीत बसलो, बॅगा गुडघ्यांना टेकवून. तक्रार नाही.

जेआरची हारुका नावाची गाडी मात्र मला आवडली. तेन्नोजी, मग ओसाका स्टेशन, मग शिन-ओसाका आणि क्योतो. पूर्वी ती ओसाका स्टेशनला थांबतच नसे. मार्च 2023 मध्ये जमिनीखाली नवे फलाट केले तेव्हापासून थांबते. परदेशी पर्यटकांना हिचं तिकीट सवलतीत मिळतं, पासपोर्ट दाखवून. घाई नसेल तर 'कान्साई एअरपोर्ट रॅपिड' आहे, बाराशे येनच्या आसपास, तासाभराहून थोडा जास्त वेळ. ही गाडी माझ्यासारख्याला बघण्यासारखी आहे. विमानतळावरून चार डबे निघतात. हिनेनो स्टेशनला वाकायामाकडून आलेले चार डबे तिला जोडतात आणि मग आठ डब्यांची गाडी ओसाकाला जाते. मी पुढच्या डब्याच्या काचेला नाक लावून उभा होतो. एक डबा इंचाइंचानं पुढं येतो, बारीकसा धक्का, 'खट्ट', आणि लगेच दार उघडून गाडी मार्गस्थ. शंटिंगसाठी आरडाओरडा नाही, कुणी खाली उतरत नाही. परतताना मात्र सावध राहा: विमानतळाला जायचे डबे एक ते चार, पाच ते आठ वाकायामाला जातात. मागच्या डब्यात झोप लागली तर विमान गेलंच म्हणून समजा. जावयांनी आम्हाला परत निघताना स्वतः डब्यात बसवून दिलं, त्यांनाही हा धोका ठाऊक होता.

शहरात शिरल्यावर इकोका कार्ड घ्या. रेल्वे, मेट्रो, बस, सगळीकडं तेच टेकवायचं. आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं. टोकियोत डावीकडं राहतात, ओसाकात उजवीकडं. का, ते जावईही सांगू शकले नाहीत.

आता बुलेट ट्रेन, म्हणजे टोकियोहून ओसाका. तिच्याबद्दल सगळे हात जोडूनच लिहितात, म्हणून मी थोडा हात राखून लिहितो. 1 ऑक्टोबर 1964 ला ही लाइन सुरू झाली, तेव्हा 515 किलोमीटरला चार तास लागत. आता 'नोझोमी' ही तिथली सगळ्यात वेगवान गाडी अडीच तासांत पोचवते. सोळा डबे, 1,323 सीट, आणि गर्दीच्या वेळेला तासाला बारापर्यंत नोझोमी. म्हणजे पाच मिनिटाला एक गाडी, तीही ताशी 285 किलोमीटरनं धावणारी. वर्षाचा सरासरी उशीर दोन मिनिटांच्या आत. चार्ट हातात घेऊन आयुष्य काढलेल्या माणसानं हे आकडे वाचून गप्प बसावं. टोकियोला गाडी आली की झाडूवाल्यांचं पथक सात मिनिटांत सगळे डबे साफ करून सीटची तोंडं फिरवून मोकळं होतं.

माझे आक्षेप दोन. एक, भाडं. आरक्षित सीटला एका बाजूचे साडेचौदा हजार येनच्या वर पडतात. पूर्वी लोक परदेशी पर्यटकांचा जेआर पास काढायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 वरून एकदम 50,000 येन झाला. टोकियो-ओसाका जाऊन-येऊन तीस हजारांच्या आत होतं, म्हणजे एवढ्याचसाठी पास काढणं तोट्याचं. जुनी माहिती बघून अजून लोक काढतात. दुसरा आक्षेप सामानाचा. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर असलेली बॅग असेल तर मागच्या रांगेची जागा आधी आरक्षित करायला लागते, 2020 पासूनचा नियम. आरक्षण फुकट, पण केलं नसेल तर हजार येन दंड. आपल्याकडच्या बॅगा त्या मापाच्या हमखास वर जातात, कारण आत चटणी, मेतकूट, लाडू आणि लेकीसाठी दोन साड्या असतात. घरीच टेप लावून बघा.

आणखी एक. बुलेट ट्रेन ओसाका स्टेशनला जातच नाही, शिन-ओसाकाला जाते. आपलं सातारा स्टेशन जसं गावाबाहेर माहुलीला, तसं हे योदो नदीच्या पलीकडं. फरक एवढाच की माहुलीला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करायला लागते आणि शिन-ओसाकाला त्याच इमारतीत मिदोसुजी मेट्रो उभी असते, पंधरा मिनिटांत नांबा. माझ्या निकषावर इथं पूर्ण मार्क. टोकियोहून येताना खिडकी ई क्रमांकाची मागा, फुजी पर्वत त्या बाजूला दिसतो. गाडीत चहा-खाऊची ट्रॉली आता नाही, 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, म्हणून फलाटावरच डबा घेऊन चढा.

टोकियो बघून झाल्यावर परतीला हिला आणि लेकीला नोझोमीत बसवलं आणि मी जावयांना म्हटलं, आपण रात्रीच्या बसनं जायचं. ते आधी हसले. "बाबा, कंबर धरेल." मी म्हटलं, धरू दे, पण जपानची रातराणी बघितल्याशिवाय मी साताऱ्याला काय सांगू?

टोकियोच्या शिंजुकूचा स्टँड, बस्ता शिंजुकू, 2016 मध्ये बांधला. रेल्वेच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर. बस चौथ्या मजल्यावर चढते हे बघूनच माझे पैसे फिटले. पडद्यावर गाडीचा नंबर, फलाट, सुटायची वेळ. पाच मिनिटं आधी गाडी लागते, माणसं रांगेनं चढतात, सामानाला चिठ्ठी बांधून पोटात टाकतात. एका माणसानं माइकवर एकदा पुकारा केला. एकदाच. मी घड्याळ बघत होतो, ठरल्या मिनिटाला चाक हललं.

टोकियो-ओसाका रात्रीची बस इथं 1969 पासून आहे, तोमेई हमरस्ता पूर्ण झाला त्याच वर्षी 'ड्रीम' नावाची गाडी सुरू झाली. साधारण आठ तास लागतात. भाडं वाराप्रमाणं बदलतं, साध्या दिवशी बुलेट ट्रेनच्या निम्म्याहून कमी. सीटचे दोन प्रकार लक्षात ठेवा: चार ओळींची, म्हणजे आपल्यासारखी दोन-दोन, आणि तीन ओळींची सुटी सीट, मध्ये पडदा. पन्नाशीच्या वरच्या माणसानं तीन ओळींचीच घ्यावी. आम्ही ती घेतली. दिवे बंद झाल्यावर गाडीत टाचणी पडली तर ऐकू येईल असं. कुणी फोनवर बोलत नाही, कुणी पिशवीतून चिवडा काढत नाही.

मधल्या थांब्यावर चालकानं दाराशी पाटी लावली, गाडी किती वाजता सुटणार त्याची. माणसं परत आल्यावर त्यानं आत येऊन हळूच डोकी मोजली, मग पुन्हा मोजली. मग दुसरा चालक चाकावर बसला. जावयांनी सांगितलं, 2012 मध्ये कान-एत्सू हमरस्त्यावर रात्रीच्या बसला अपघात झाला, चालकाला झोप लागली होती, सात माणसं गेली. त्यानंतर रात्रीच्या गाडीवर एका चालकानं साधारण 400 किलोमीटरच्या वर चालवायचं नाही असा नियम आला. डबल ड्यूटी करून आलेला चालक खिडकीत येऊन "साहेब, आज नको" म्हणतो तेव्हा त्याचे डोळे कसे दिसतात ते मला माहीत आहे. हा नियम मला सगळ्या बुलेट ट्रेनपेक्षा मोठा वाटला.

आता उणं. आम्हाला सहाच्या आधी उतरवलं ते उमेदाजवळच्या रस्त्याच्या कडेला. नाव घेत नाही त्या कंपनीचं, पण तिथं ना बसायला बाक, ना मुतारी, ना स्टेशनकडं जायची पाटी. जावई होते म्हणून निभावलं. बस निवडताना भाड्याआधी उतरायची जागा वाचा. ओसाका स्टेशनच्या आतल्या बस टर्मिनलला येणाऱ्या गाड्या आहेत, त्या घ्या, शे-दोनशे येन जास्त पडले तरी. आणि हो, कंबर धरली. जावयांचंच खरं ठरलं.

स्वतः गाडी चालवत जायचा हट्ट असेल तर साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो, तो जपानमध्ये चालतो, आणि तिथं गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच. पण टोल भरपूर आणि ओसाकात पार्किंगचा खर्च त्याहून वाईट. त्यात मला पडायचं नव्हतं.

समुद्राची वाट मात्र सगळ्यात शेवटी आमच्या हाताला लागली आणि हिला विचाराल तर तीच पहिली. लेकीनं आम्हाला क्युशू बेटावर बेप्पूला नेलं, गरम पाण्याच्या कुंडांसाठी. जाताना रेल्वे, परतताना बोट. बेप्पू-ओसाका बोटीचा मार्ग 1912 पासूनचा आहे. तेव्हाच्या पहिल्या बोटीचं नाव 'कुरेनाई मारू', आणि आता धावते ती 'सनफ्लॉवर कुरेनाई', जानेवारी 2023 मध्ये आली. एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी जपानची पहिली फेरी बोट. लांबी जवळपास 200 मीटर. संध्याकाळी सुटते, सकाळी ओसाकाला लागते, साधारण बारा तास. सगळ्यात स्वस्त सामायिक खोलीचं भाडं रेल्वेपेक्षा कमी, शिवाय हॉटेलची एक रात्र वाचते. आम्ही दोघांची खोली घेतली, वय बघून.

बंदरावर मी तास आधी पोचलो, भरणी बघायला. ट्रकचे मागचे ट्रेलर तेवढे बोटीत चढवत होते, पुढची तोंडं आणि चालक धक्क्यावरच. एक ट्रॅक्टर येतो, ट्रेलर आत ढकलतो, सुटा करतो, रिकामा परत येतो. दोन ट्रेलरमध्ये वीतभर जागा. ओसाकाला दुसरा चालक येऊन माल घेऊन जातो. एप्रिल 2024 पासून तिथं ट्रकचालकांच्या जादा कामाला वर्षाला 960 तासांची मर्यादा घातली आहे, त्यामुळं लांबचा माल बोटीवर चढवण्याकडं कल वाढला. चालक रात्री घरी झोपतो आणि माल समुद्रातून जातो. हे गणित मी हिला समजावून सांगत होतो तर ही म्हणाली, "तुम्ही रिटायर झालाय, चला वर."

वर समुद्राकडं काचा असलेलं मोठं न्हाणीघर आहे, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. कपडे काढूनच आत जायचं असतं, हिनं दारातूनच नमस्कार केला. मी गेलो. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि बाहेर अंधारात बेटांवरचे दिवे सरकताना बघायचे. हा समुद्र चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेला, त्यामुळं बोट हलल्याचं फारसं कळत नाही. उलटीच्या गोळ्या नेल्या होत्या, तशाच परत आणल्या. शाकाहारी माणसानं मात्र जेवणाची सोय बरोबर न्यावी. जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, बोटीवरच काय, कुठंही. लेकीनं पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

वाटेत तीन पुलांखालून बोट जाते. आधी कुरुशिमा, मग सेतो, मग पहाटे आकाशी काइक्यो. तिसऱ्यासाठी मी गजर लावून डेकवर गेलो. 3,911 मीटर लांब, मधलाच गाळा 1,991 मीटर. पूल बांधत असताना 1995 चा कोबेचा भूकंप झाला आणि दोन मनोरे जवळजवळ मीटरभर लांब सरकले. त्यांनी मोजमाप बदलून काम पुढं नेलं आणि 1998 मध्ये पूल खुला केला. डेकवर माझ्यासारखेच दोन-चार म्हातारे गारठत उभे होते. पूल डोक्यावरून गेला तेव्हा एकानं मला मान लवून काहीतरी सांगितलं. मीही मान लवली.

ओसाकाला बोट लागते ती नानको बंदरात, आणि मला भीती होती की इथं माझा निकष नापास होणार, कारण बंदरं गावापासून लांब असतात. तसं झालं नाही. चालत जाण्याजोग्या अंतरावर ट्रेड सेंटर-माए स्टेशन, तिथून 'न्यू ट्राम'. ही ट्राम चालकाशिवाय धावते. चालक नाही, वाहक नाही, पुढच्या काचेपाशी शाळकरी पोरं उभी. आमच्या युनियनच्या मीटिंगमध्ये हे सांगायची माझी हिंमत नाही. एका स्टेशनवर कॉस्मोस्क्वेअर, तिथून चुओ मेट्रो थेट शहराच्या मध्यात. सकाळी बोटीतून उतरून आम्ही लेकीच्या घरी नाश्त्याला होतो.

कुणी विचारलं तर मी असं सांगतो: विमानानं कान्साईला या, एकाच पीएनआरवर. टोकियो बघायचं असेल तर एका बाजूची नोझोमी घ्या, पासच्या भानगडीत पडू नका. रात्रीची बस तरुणांनी घ्यावी. आणि क्युशूकडं जाणार असाल तर एक बाजू बोटीची ठेवाच, खोलीचं आरक्षण आधी करून. दक्षिण कोरियाच्या बुसानहूनही ओसाकाला बोट येते असं जावई सांगत होते. त्यासाठी कोरियाचा व्हिसा वेगळा काढायला लागेल. हिचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकलाय, तो हातात आला की बघू.